शब्दचर्चा: नवताऱ्यातून येतो तो ‘किरणोत्सर्ग’ की ‘प्रारण’?

शब्दपाखरू
एका विज्ञान मासिकासाठी आलेला लेख तपासते आहे. विषय आहे जोडीने फिरणाऱ्या ताऱ्यांमधले स्फोट आणि त्यांतून येणारे गॅमा किरण. उदाहरण भुजंगधारी तारकासमूहातल्या आरएस ओफियुचीचं, म्हणजे ऑगस्ट २०२१ मधला उद्रेक. लेखाचं पहिलंच वाक्य असं: ‘द्वैती प्रणालीतील स्फोटक ताऱ्यांमधून उच्च ऊर्जेचा किरणोत्सर्ग बाहेर पडतो.’ मी ‘द्वैती’, ‘स्फोटक तारे’ आणि ‘किरणोत्सर्ग’ या तिन्ही ठिकाणी अडले. पर्याय सुचवा, आणि तो का बरोबर हेही सांगा. लेखकाला पटवून द्यायचं आहे.

निवृत्त मास्तर
ताई, ‘किरणोत्सर्ग’ आधी काढा. युरेनियम, रेडियम अशा अस्थिर मूलद्रव्यांची अणुकेंद्रं आपोआप क्षय पावतात आणि किरण बाहेर टाकतात, त्या गुणधर्माला किरणोत्सर्ग म्हणायचं. मराठी विश्वकोशातही तो याच अर्थाने आहे. उष्णता, प्रकाश, रेडिओलहरी, क्ष-किरण, गॅमा किरण या सगळ्यांना मिळून आपल्याकडे ‘प्रारण’ हा चांगला शब्द आहे. मोबाइलच्या मनोऱ्यापासून सूर्यापर्यंत सगळ्यांना सरसकट ‘किरणोत्सर्ग’ लावायची सवय बातम्यांनी लावली. मुलांच्या मनात त्यामुळे सगळ्याच किरणांबद्दल अणुभट्टीच्या अपघाताची भीती बसते, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

एक वाचक
‘उत्सर्जन’ का नको? सोपा आहे.

निवृत्त मास्तर
उत्सर्जन ही क्रिया झाली. बाहेर पडतं ते प्रारण. ‘प्रारणाचं उत्सर्जन’ म्हणता येतं, पण एकाच्या जागी दुसरा शब्द बसत नाही.

आकाशवेडी
मास्तरांशी सहमत. थोडी भर घालते, कारण इथे नेमकं काय घडतं ते कळलं की शब्द आपोआप जागेवर बसतात.

आरएस ओफियुचीमध्ये एक श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, घट्ट गाभा) आणि एक लाल राक्षसी तारा (म्हातारपणी फुगलेला प्रचंड तारा) सुमारे ४५४ दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन बटूच्या पृष्ठभागावर साचत जातो. तिथलं द्रव्य इतकं दाबलेलं असतं की तापलं तरी ते प्रसरण पावून थंड होत नाही. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी गत होते. अणुसंमीलन (अणुकेंद्रं एकमेकांत मिसळून ऊर्जा निघणं) भडकतं आणि वरचा थर सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने उधळला जातो. बटू मात्र शाबूत राहतो आणि साठवण पुन्हा सुरू होते. १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ असे याचे उद्रेक नोंदलेले आहेत. म्हणून ‘स्फोटक तारा’ हे दिशाभूल करणारं आहे. स्फोट ताऱ्याचा होत नाही, त्याच्या अंगावरच्या थराचा होतो. ‘नवतारा’ किंवा इथे ‘पुनरावर्ती नवतारा’ लिहा. पूर्ण तारा फुटतो तो अतिनवतारा, ते प्रकरण वेगळं.

आता गॅमा किरण. ते थेट त्या अणुसंमीलनातून येतात असा समज लेखातून होतो, तो दुरुस्त करून घ्या. राक्षसी तारा सतत वारा, म्हणजे आपल्या वायूचा झोत, सोडत असतो. उधळलेलं द्रव्य त्या वाऱ्यावर आदळतं, आघात तरंग (अचानक दाब वाढवत पुढे सरकणाऱ्या लाटा) तयार होतात आणि प्रोटॉनांना प्रचंड वेग मिळतो. हे प्रोटॉन आसपासच्या वायूवर आदळून पायॉन नावाचे कण निर्माण करतात आणि त्यांतल्या विद्युतभाररहित पायॉनांच्या क्षयातून गॅमा किरण निघतात. २०२१ मध्ये नामिबियातल्या हेस आणि ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक या दुर्बिणींनी ते टिपले. इतक्या उच्च ऊर्जेचे किरण नवताऱ्यातून येताना दिसण्याची ती पहिलीच वेळ. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. इथले फोटॉन शंभर अब्जांच्या घरातले, काही त्याहून वरचे. लेखात नुसतं ‘उच्च ऊर्जा’ न लिहिता हा आकडा द्याच.

खोडदचा वाटसरू
आमच्या जुन्नर तालुक्यातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा उल्लेख लेखात आहे का? २००६ च्या उद्रेकात याच ताऱ्याच्या रेडिओलहरी खोडदच्या त्या पंचेचाळीस मीटरच्या अँटेनांनी टिपल्या होत्या. १.४ गिगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेला नवताऱ्याचं प्रारण तेव्हा प्रथमच सापडलं. त्या लहरी वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्रात फिरताना निघतात. एकाच ताऱ्याच्या आघात तरंगांनी एका उद्रेकात रेडिओलहरी आणि दुसऱ्यात गॅमा किरण दिले, आणि दोन्हींना ‘प्रारण’ हा एकच शब्द चालतो. ‘किरणोत्सर्ग’ लिहिलात तर खोडदला काय टिपलं असा प्रश्न पडेल.

शब्दपाखरू
उल्लेख नाही, पण आता घालायला सांगते. ‘द्वैती’चं काय करू?

आकाशवेडी
‘द्वैती तारे’ पुस्तकांत आहे, चुकीचं नाही. पण सर्वसाधारण वाचकाला द्वैत-अद्वैत आठवतं. मी ‘युग्मतारा’ लिहिते. ‘जोडतारा’ राखून ठेवावा, कारण आकाशात नुसते शेजारी दिसणारे दोन तारेही लोकांच्या लेखी जोडतारेच असतात. वसिष्ठ-अरुंधती बघा. लग्नात आपण दाखवतो ती जोडी नुसत्या डोळ्यांना दिसते. दुर्बिणीतून पाहिलं तर एकटा वसिष्ठच दोन दिसतो, आणि त्यातलाही एक पुन्हा युग्मतारा आहे हे १८८९ मध्ये वर्णपटावरून (प्रकाशाच्या रंगपट्ट्यावरून) कळलं. आरएस ओफियुची या शेवटच्या प्रकारातला. साध्या दुर्बिणीतून त्याचे दोन घटक वेगळे दिसत नाहीत.

निवृत्त मास्तर
‘प्रणाली’ही गाळा. ‘युग्मताऱ्यांमध्ये’ म्हटलं की झालं.

रसायनवाला
‘किरणोत्सर्ग’ लेखातून अजिबात हद्दपार करू नका, एवढं माझं म्हणणं. नवताऱ्यात खराखुरा किरणोत्सर्गही असतो. २०१३ मध्ये धनिष्ठा तारकासमूहात एक नवतारा उजळला होता. त्याच्या वर्णपटात बेरिलियम-७ सापडलं. त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) ५३ दिवस आणि क्षय होऊन त्याचं लिथियम बनतं. विश्वातलं काही लिथियम नवताऱ्यांतून आलं असावं, या मताला त्यामुळे बळ मिळालं. बेरिलियमच्या क्षयातही गॅमा किरण निघतात, पण त्यांची ऊर्जा ४७८ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे वरच्या शंभर अब्जांपुढे अगदीच किरकोळ. त्याच नवताऱ्यातून फर्मी उपग्रहाने आघात तरंगांचे गॅमा किरणही टिपले होते. म्हणजे एकाच ठिकाणी दोन उगम. क्षयातून येणाऱ्याला किरणोत्सर्ग म्हणा, आघात तरंगातून येणाऱ्याला नको.

निवृत्त मास्तर
हे उदाहरण मला ठाऊक नव्हतं, फार उपयोगी आहे. लेखकाला पटवायला याहून चांगला मुद्दा मिळणार नाही. दोन्ही अर्थांना एकच शब्द ठेवला तर हा फरक त्याला मराठीत लिहिताच येणार नाही.

शब्दपाखरू
सर्वांचे मनापासून आभार. वाक्य असं करते: ‘काही युग्मताऱ्यांमध्ये श्वेत बटूच्या पृष्ठभागावर स्फोट होतो. उधळलेलं द्रव्य जोडीदाराच्या वाऱ्यावर आदळलं की अतिउच्च ऊर्जेचं गॅमा प्रारण निर्माण होतं.’

आकाशवेडी
छान. फक्त ‘निर्माण होऊ शकतं’ करा. फर्मीला गॅमा किरण देणारे नवतारे बरेच सापडले आहेत, पण हेस-मॅजिकच्या पट्ट्यातले किरण प्रत्येकाकडून दिसलेले नाहीत. आणि सगळ्याच नवताऱ्यांचा जोडीदार राक्षसी नसतो. धनिष्ठेतल्याचा नव्हता. तिथे आधी सुटलेल्या सावकाश थरावर मागून आलेला वेगवान थर आदळतो, असं मानतात. तेव्हा ‘जोडीदाराच्या वाऱ्यावर’च्या आधी ‘आरएस ओफियुचीसारख्या युग्मताऱ्यांत’ हे शब्द हवेत.

शब्दपाखरू
दोन्ही बदल केले. मजकूर आज लेखकाकडे पाठवते.