लोकलच्या नव्या मार्गिकांसाठी पालिकांनी पैसे द्यावेत का?

बदलापूर_जलद (धागाकर्ती)

कल्याणपुढे कर्जतच्या दिशेने एक मार्गिका जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी आहे. त्याच दोन मार्गिकांवरून लोकल, पुण्याकडच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या धावतात. एखादी गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. फेऱ्या वाढवा म्हणून कितीही निवेदनं दिली तरी गाडी चालवायला रूळच मोकळा नसतो.

कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका हा उपाय आहे. अंतर जेमतेम १४ किलोमीटर. एमयूटीपी, म्हणजे मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पाच्या, ३अ टप्प्यात ती आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी दिली. असे प्रकल्प रेल्वे आणि राज्य सरकार खर्च वाटून घेऊन करतात. माझं मत असं की त्यात कल्याण-डोंबिवली महापालिका, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपरिषदा यांचाही ठरलेला वाटा असावा. इमारतींना परवानग्या याच संस्था देतात, विकास शुल्कही याच घेतात. त्या इमारतींमधली माणसं सकाळी फलाटावर येतात, हे त्यांच्या हिशोबात कुठेच नसावं, याचा मला फार राग येतो.

नळाला_पाणी_द्या

साफ विरोध. रेल्वे हा संघसूचीतला विषय. वेळापत्रक ठरवताना नगरपरिषदेला कोणी विचारत नाही, मग बिल तिच्या नावावर का? जकात केव्हाच गेली, आता राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावं लागतं. आधी पाणी, गटारं, कचरा.

शिवाय आम्ही आयकर भरतो, तिकीट काढतो; मेट्रोच्या शहरांत तर घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो अधिभारही द्यावा लागतो. त्याच प्रवासासाठी अजून किती वेळा पैसे द्यायचे?

बदलापूर_जलद

वेळापत्रकात शब्द नाही, हे खरं. पण शहर उभारणाऱ्या संस्थेने पैसे घातले तर रेल्वे येते, याचं उदाहरण खाडीपलीकडेच आहे. नवी मुंबईत सिडकोने, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या राज्य सरकारच्या कंपनीने, ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के या सूत्राने मार्ग उभे केले. मानखुर्द-वाशी १९९२ मध्ये सुरू झाला. तो नसता तर नवी मुंबईत राहायला कोण गेलं असतं?

नळाला_पाणी_द्या

सिडकोची तुलना इथे लागू होत नाही. सिडकोच्या हातात जमीन होती. रेल्वे आली, भूखंडांचे भाव वाढले, ते विकून पैसा परत आला. वाशी, बेलापूरची स्थानकं बघा, वर कार्यालयं बांधून तीही विकली. बदलापूरच्या नगरपरिषदेकडे विकायला काय आहे? आणि सिडकोच्या मार्गांवर तिकिटाला अधिभार लागला, तो प्रवाशांनीच भरला. तुमच्या सूचनेचा शेवटही तिथेच होणार.

रुळालगतची

दोघंही फक्त रोख रकमेबद्दल बोलताय. माझं बालपण रुळालगतच्या वस्तीत गेलं, म्हणून दुसरी बाजू मांडते.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका एमयूटीपी २ मधली, म्हणजे २००८ ची. ती सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. मधली वर्षं काही सगळी पैशांअभावी गेली नाहीत. रुळालगतच्या घरांचं काय करायचं, हा प्रश्न बराच काळ अडून राहिला. एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यात रुळांकाठची हजारो कुटुंबं हलवली, त्यातली बरीच मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या ठिकाणी गेली. डोक्यावर पक्कं छप्पर आलं, पण कामाचं ठिकाण आणि मुलांची शाळा लांब पडली.

पालिकेची खरी गरज इथे आहे. कोण कधीपासून राहतं, मुलं कुठल्या शाळेत आहेत, जवळपास घरं देता येतील अशी जागा कुठे आहे, हे वॉर्ड कार्यालयाला माहीत असतं, रेल्वेला नसतं. मार्गिका जाहीर होण्याआधीच त्याच प्रभागात बदली घरांसाठी जागा राखून ठेवा. वाटा द्यायचाच तर असा द्या. नोटीस चिकटवून पोलीस बंदोबस्त पुरवणं याला मी सहकार्य म्हणणार नाही.

फाटकमुक्त

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. त्यात फाटकांची भर घाला. दिवा स्थानकाजवळच्या फाटकाने वर्षानुवर्षं लोकलचं वेळापत्रक बिघडवलं. वाहनांसाठी ते उघडलं की गाड्या थांबल्याच. फाटक बंद करायचं तर उड्डाणपूल लागतो. अशा पुलांचा रुळांवरचा भाग रेल्वे बांधते, पण दोन्ही बाजूंचे पोचरस्ते आणि त्यांची जमीन पालिकेच्या गळ्यात असते. पोचरस्ता रखडला की पूर्ण झालेला गर्डरही निरुपयोगी. नवी मार्गिका टाकायला वर्षं लागतात; फाटक बंद झालं तर आहेत त्याच रुळांवर गाड्या वेळेत धावू लागतात.

बदलापूर_जलद

जागा आणि पोचरस्ते माझ्या मागणीत आधी यायला हवेत, हे पटलं. तरी पैशाचा मुद्दा मी सोडत नाही, फक्त तो कोणाकडून घ्यायचा हे नेमकं सांगते. जुन्या घरांच्या मालमत्ता करातून एक रुपयाही नको. स्थानकालगत वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, घेणाऱ्या बिल्डरकडून घ्या. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ अशी जाहिरात करून तो जे विकतो, ते त्याने बांधलेलं नसतं. लंडनने क्रॉसरेल या नव्या रेल्वेमार्गासाठी २०१० पासून मोठ्या व्यावसायिक मालमत्तांवर जादा कर लावला. ठरावीक मूल्याखालच्या छोट्या दुकानांना त्यातून वगळलं.

नळाला_पाणी_द्या

लंडनमध्ये वाहतूक महापौरांच्या अखत्यारीत आहे. पैसे घेणारा आणि गाड्यांचा जाब देणारा एकच. आपल्याकडे असे प्रकल्प राबवणाऱ्या मुंबई रेल्वे विकास महामंडळात रेल्वे ५१ टक्के, राज्य ४९ टक्के. त्यात नगरपरिषद कुठे बसते?

बिल्डरकडून घेण्याला माझा आक्षेप नाही. पण तो पैसा वेगळ्या खात्यात राहावा, आपल्याच हद्दीतल्या पुनर्वसनावर आणि पुलांवर खर्च व्हावा, आणि रूळ टाकून झाल्यावर किती लोकल वाढतील हे रेल्वेने आधी लेखी द्यावं. नाहीतर नव्या मार्गिकांवर मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्याच वाढतील, आम्ही फलाटावर उभे ते उभेच. हे लेखी मिळालं तर मी स्वतः नगराध्यक्षांना पाठिंब्याचं पत्र देईन. तोवर विरोध कायम.

रुळालगतची

त्या लेखी हमीत बदली घरं कुठे मिळणार तेही लिहून घ्या. लोकलच्या आकड्याच्या आधी.