शब्दचर्चा: चौकोन की चौरस? आणि ‘विटकरी’ चालेल का?

प्रश्न: काळा घोडा परिसरातली चित्रप्रदर्शनं मराठी शाळांच्या मुलांना दाखवायला मी अधूनमधून जाते. निसर्गचित्र किंवा व्यक्तिचित्र असलं की निभावतं. अमूर्त चित्रासमोर मात्र शब्दांवाचून अडतं, कारण तिथं बोलायचं ते फक्त आकार आणि रंगांबद्दल. ‘हा लाल चौकोन बघा’ म्हटलं की एखादा म्हणणारच, “बाई, तो चौरस आहे!” गोल म्हटलं की “वर्तुळ!” शिवाय आकार म्हणू, आकृती म्हणू की घाट? जाणकारांनी सांगावं.

– पुस्तकाप्रमाणे पोरगा बरोबर आहे, ताई. पण रशियन चित्रकार मालेविचच्या काळ्या चित्राचा किस्सा त्याला जरूर सांगा. जग आज त्याला ‘काळा चौरस’ म्हणतं. १९१५ साली पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा लागलं तेव्हा यादीत त्याचं नाव होतं नुसतं ‘चौकोन’, म्हणजे त्या अर्थाचा रशियन शब्द. आणि खरंच, त्याच्या बाजू एकमेकींना नीट समांतर नाहीत. पट्टी लावून मोजायला गेलात तर चित्रकार जिंकतो. डच चित्रकार मोंद्रियानच्या काळ्या रेषांमधले लाल-पिवळे-निळे तुकडे मात्र खुशाल आयत म्हणा.

गोलाचं प्रकरण अवघड आहे. भूमितीत गोल म्हणजे चेंडू आणि वर्तुळ म्हणजे नुसती कडेची रेषा. आत रंग भरला की त्याला सुटसुटीत शब्दच नाही. मी ‘तबकडी’ म्हणतो. चित्रकार सय्यद हैदर रझांच्या चित्रांपुढे तर भूमितीचं पुस्तक मिटूनच ठेवावं. ज्याला लांबी-रुंदी नाही तो बिंदू, असं आपण शिकलो. रझांचा बिंदू म्हणजे कॅनव्हासवर ठाण मांडून बसलेली काळीभोर तबकडी! लहानपणी मन एका जागी राहीना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं होतं, अशी आठवण ते सांगत. मुलांना हे पटकन कळतं. रझा मुंबईच्या आपल्या जे. जे. कलाशाळेचेच विद्यार्थी, हेही सांगा.

– आकार, आकृतीबद्दल: ‘आकार’च बरा. ‘धुक्यात एक आकृती दिसली’ म्हटलं की मराठी माणसाला माणूसच दिसतो. घाट हा भांड्याचा किंवा दागिन्याचा, म्हणजे अख्ख्या वस्तूचा. एकट्या त्रिकोणाला घाट नसतो, पूर्ण चित्राला असतो. समीक्षकांचा ‘आकृतिबंध’ चांगला शब्द होता, पण आता तो सरकारी खात्यांनी मंजूर पदांसाठी पळवलाय.

– रंगांबद्दल कुणी बोललं नाही. आपली निम्मी रंगनावं वस्तूंवरून आलेली: विटकरी, शेंदरी, मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, राखाडी. साडीच्या दुकानात झकास, पण अमूर्त चित्रात पंचाईत. ‘विटकरी चौकोन’ म्हटलात की मुलं भिंत शोधायला लागणार. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांना तर आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलंही रुचत नसे. ती वस्तुनिरपेक्ष, म्हणजे कुठल्याच वस्तूचं चित्र नसलेली, आहेत असं ते म्हणत. अशा चित्रात आपण वीट का ठेवावी? ‘लालसर तपकिरी’ म्हणा.

– अहो, तपकीरही वस्तूच की! गुलाबी, जांभळा, नारिंगी यांचं काय करणार? असं सोवळं पाळायचं तर रंगाच्या डबीवरचे नंबरच वाचून दाखवावे लागतील. माझं मत: विटकरी बिनधास्त म्हणा. मुलांना भिंत दिसली तर दिसू द्या. मग शेजारच्या निळ्यामुळे तो चौकोन पुढे आल्यासारखा वाटतो की मागे गेल्यासारखा, ते विचारा. उष्ण आणि शीत रंग हे शब्द चित्रकलेच्या तासाला शिकवलेले असतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणारी मुलं असतील तर फारच सोपं. संकल्पचित्रात एकमेकांवर चढलेली वर्तुळं काढून, फराटे न दिसता पोस्टर कलर सपाट भरायला काय कष्ट पडतात, ते त्यांना ठाऊक असतं. त्यांना कडा दाखवा: इथं रंग रेषेपाशी थांबलाय, तिथं शेजाऱ्यात मिसळलाय.

प्रश्नकर्ती: तबकडी आवडली, विटकरीही ठेवते. एक राहिलं. गायतोंड्यांच्या चित्रात ब्रशचे फटकारे दिसतच नाहीत, त्याला काय म्हणू?

– ते रोलर आणि पॅलेट नाईफ, म्हणजे रंग पसरायची बोथट सुरी, वापरत. रंगाचे थर द्यायचे, काही ठिकाणी ते पुन्हा काढायचे. म्हणून ‘थर’ म्हणा. पृष्ठभागाबद्दल बोलायचं तर ‘पोत’, कापडाचा असतो तसाच. फक्त पोत म्हटलं की मुलांचा हात आपसूक पुढे जातो, तेव्हा चित्राला हात लावायचा नाही हे आधी बजावा.