जनगणनेत मातृभाषा: सासरची सांगायची की माहेरची?

उचगावची सून

नमस्कार. माझं माहेर बैलहोंगलकडचं, सासर कर्नाटकातल्या बेळगावजवळचं उचगाव. लग्नाला नऊ वर्षं झाली. घरयादीवाल्या मॅडम आल्या तेव्हा घरात मी एकटीच होते. भिंत कशाची, छप्पर कसलं, पाणी कुठलं, संडास, मोबाईल, सगळं विचारलं. मुख्य धान्य कोणतं खाता म्हणाल्या, मी तांदूळ सांगितलं. सासरे शेतातून आले आणि पहिला प्रश्न, "मराठी लिवलीस न्हवं?" आत्ता फक्त घराची माहिती, माणसांची मोजणी फेब्रुवारीत, म्हणून भाषेचा प्रश्नच नव्हता म्हटल्यावर त्यांना पटेना.

त्यांचंही खरं आहे. मागच्या वेळी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या घरी भाषा न विचारताच कन्नड लिहून नेली होती. आत्या ते अजून विसरल्या नाहीत.

पण माझी अडचण वेगळी आहे. आईनं मला कन्नडमध्येच निजवलं, कन्नडमध्येच रागावलं. सासरे म्हणतात, "घर एक, भाषा एक, सगळ्यांची मराठीच सांगायची." सहा वर्षांची लेक माझ्याशी कन्नड बोलते, बाकी घरभर मराठी. तिची काय सांगू?

आणखी एक. दीर-जाऊ त्याच घरात राहतात, पण चूल वेगळी. एक कुटुंब धरायचं की दोन?

मला घरात कुणाला दुखवायचं नाही आणि खोटंही सांगायचं नाही.

चव्हाट गल्ली

वहिनी, तुमच्या सासऱ्यांची बाजू मांडतो. हा नुसता अभिमानाचा प्रश्न नाही. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील, तर सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेत मिळावेत असं ठरलेलं आहे. हा टक्का जनगणनेच्या आकड्यांवरून निघतो. मराठी परिपत्रकांसाठी आम्ही किती वर्षं निवेदनं देतोय! एकेक माणूस मोजला जायला हवा असं आम्हाला वाटतं ते त्यामुळे.

निवृत्त बाई, वडगाव

सूनबाई, मी मराठी शाळेत शिकवलं आणि २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांना प्रगणक होते. आम्हाला शिकवलं ते सांगते.

मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती. आई तान्हेपणीच गेली असेल तर त्या घरात जी बोलत होते ती. सासर, गाव, राज्य, शाळेचं माध्यम, कशाचाही संबंध नाही. २०११ च्या पत्रकात हा दहावा प्रश्न होता आणि तो प्रत्येक माणसाचा स्वतंत्र. एकाच घरात तीन भाषा लिहिल्या तरी चालतात. तुमची कन्नड. मुलीशी तुम्ही ज्या भाषेत बोलता ती तिची. ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

माझ्या हातून एकदा चूक झाली होती. आमच्याच गल्लीतलं ओळखीचं घर, रोजचं मराठी बोलणं, म्हणून मी न विचारता आजींपुढे मराठी लिहिलं. वाचून दाखवलं तर आजी म्हणाल्या, "बाई, माझी आय कोंकणी बोलायची गं." त्यांचे डोळे भरून आले होते. आईला जाऊन साठ वर्षं झाली असतील. मी तिथंच दुरुस्त केलं. तेव्हापासून प्रत्येकाला विचारल्याशिवाय तो रकाना भरला नाही. तुमच्या आत्यांच्या घरी जे झालं ते चूकच होतं. सांगितलं ते जसंच्या तसं लिहायचं, एवढंच प्रगणकाचं काम. म्हणून लिहिलेलं वाचून दाखवा म्हणायला लाजू नका.

चूल वेगळी तर कुटुंब वेगळं. दार एक असलं तरी दोन पत्रकं. आणि घरात नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या म्हाताऱ्या असतील तर त्यांना भरीस घालू नका. १९४८ च्या जनगणना कायद्यातच तशी सूट आहे. मी अशा वेळी शेजारणीला विचारून घ्यायची.

पिंपरीत नोकरी

बाई, मी चार वर्षं पिंपरीत खोली घेऊन आहे, सणाला खानापूरला येतो. आई म्हणते तुझं नाव मी इथंच सांगणार.

निवृत्त बाई, वडगाव

तुमची मोजणी पिंपरीत. आईला समजावून सांगा, नाहीतर दोनदा मोजले जाल. वीस दिवस घरोघर फिरून झाल्यावर २८ फेब्रुवारीच्या रात्री आम्ही बसस्टँडवर आणि देवळांच्या पायऱ्यांवर झोपलेल्यांनाही मोजलं होतं. मग १ ते ५ मार्च पुन्हा फेरी, मधल्या काळात कुणी जन्मलं का, कुणी गेलं का ते बघायला. इतकी खटपट एकही माणूस सुटू नये आणि दोनदाही येऊ नये म्हणून असते.

चव्हाट गल्ली

बाई, मान्य. वहिनी, तुमची कन्नडच सांगा. आम्ही आमची खरी भाषा लिहा म्हणून भांडतो, मग तुम्हाला खोटी सांगायला लावणं बरं नव्हे.

उचगावची सून

बाई, फार आभार. जेवणं झाल्यावर सासऱ्यांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. कोंकणीच्या आजींचं आलं तेव्हा त्यांनी परत वाचायला सांगितलं. मग बराच वेळ गप्प होते. फेब्रुवारीत माणसांची मोजणी होईल तेव्हा मी माझी कन्नड सांगणार, लेकीचीही. आईशी कन्नडमध्येच बोलते ती, मग दुसरं काय सांगायचं! येणाऱ्या इतर भाषांसाठीही एक रकाना असतो, दोन भाषा लिहिता येतात, असं माझे मिस्टर म्हणाले. ते ऐकून सासरे उठता उठता म्हणाले, "मग पोरीच्या त्या रकान्यात पयली मराठी लिव."