मिरजेहून बाबांचे स्पीकर येतायत, हॉलमध्ये जागा कशी करू?

शुक्रवार

बी-५०३ वहिनी : नमस्कार मंडळी. मेसेज मोठा आहे, सवडीने वाचा. मिरजेचं माझं माहेरचं घर आम्ही भावंडं या महिन्यात रिकामं करतोय. बाबांची स्टिरिओ सिस्टिम माझ्याकडे यावी असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर, दहा इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणारा मोठा भाग) दोन उभे स्पीकर आणि अडीचशेच्या आसपास एलपी तबकड्या. एकेक स्पीकर १५ इंच रुंद, १२ इंच खोल, ३२ इंच उंच आहे. बी विंगचा हॉल किती ते सगळ्यांना माहीत आहेच, १० बाय १५ फूट. ह्यांचं म्हणणं, हॉलमध्ये जागाच नाही. ज्यांच्याकडे अशी सिस्टिम आहे त्यांनी ती कुठे ठेवली आणि घरच्यांचं मन कसं वळवलं, दोन्ही सांगा.

बी-५०३ दादा : मीही ग्रुपवर आहे, तर माझी बाजू मीच मांडतो. मन वळवण्यासारखा माझा विरोध नाही. मिरजेच्या त्या माडीवर बसून सासऱ्यांबरोबर मीही मल्लिकार्जुन मन्सूर ऐकलेत. पण आई वॉकरवर चालते आणि बेडरूममधून बाल्कनीत जायला हॉल हाच रस्ता. लेकीची यंदा दहावी. आठवड्यातले काही दिवस माझं ऑफिस डायनिंग टेबलवर असतं. बाल्कनीजवळचा कोपरा गणपतीचा. हे सगळं सांभाळून ते खोके कुठे उभे करायचे, एवढाच प्रश्न आहे.

सी-६०२ : वहिनी, ते जुने स्पीकर विकून टाका. हल्ली छोटे बुकशेल्फ स्पीकर उत्तम मिळतात, टीव्ही युनिटवर मावतात. आवाजही स्वच्छ.

बी-५०३ वहिनी : चांगले मिळतात हे मान्य. पण हे खोके बाबांनी सुताराजवळ बसून स्वतः करून घेतलेत, आतली कापसाची गादीसुद्धा त्यांनीच लावली. विकायचे नाहीत. त्यावर चर्चा नको, जागेवर करू.

ए-२०४ काकू : माझ्या हॉलमध्ये आमच्या साहेबांचे स्पीकर मुलं शाळेत होती तेव्हापासून आहेत. मी हो म्हटलं ते तीन अटींवर. एक, वायर जमिनीवर दिसता कामा नये, केसिंग पट्टीतून भिंतीच्या कडेने न्यायची. दोन, त्या खोक्यांची आणि मागची धूळ ज्याचा छंद त्याने पुसायची. तीन, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंधरा बायका बसतील एवढी जागा त्या दिवशी मोकळी करून द्यायची. साहेबांची एकच अट होती, स्पीकरवर फुलदाणी ठेवायची नाही. वाईट वाटलं होतं, कारण वरची जागा छान सपाट होती. पण पाणी सांडलं तर काय होईल ते कळल्यावर मी क्रोशाचा रुमालसुद्धा काढला.

सी-१०१ काका : वहिनी, आधी एक गोष्ट वेगळी काढू. सिस्टिम म्हणजे चार वस्तू आणि चौघांच्या गरजा वेगवेगळ्या. एलपींना फक्त कोरडी जागा लागते, अ‍ॅम्पला हवा, टर्नटेबलला सपाट आणि न हलणारा पाया. ठरावीक जागा हटून मागतात ते स्पीकर. त्यामुळे दादांशी बोलायचं ते फक्त दोन स्पीकरबद्दल. बाकी तिन्ही टीव्ही युनिटमध्ये जातील, त्यासाठी हॉलमधली जास्तीची एक इंचही जागा लागणार नाही.

सी-१०१ काका : आता स्पीकर. दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा. ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. तुमचे ३२ इंची आहेत, ट्विटर त्याहून थोडा खाली येईल, म्हणून खाली तीन-चार इंचांचा लाकडी पाट द्या, तिरकस ठेवला तरी चालेल. मागच्या भिंतीपासून थोडं अंतर हवं. भिंतीला चिकटवला की खालचे स्वर फुगतात, दोन भिंतींच्या कोपऱ्यात घातला की त्याहून जास्त.

बी-५०३ दादा : काका, किती अंतर? कारण तेच इंच मला आईच्या रस्त्यातून द्यायचेत.

सी-१०१ काका : रास्त प्रश्न. खोका बंद असेल तर भिंतीजवळ निभावतं. मागच्या बाजूला हवेचं भोक असेल तर निदान नऊ-दहा इंच सोडा.

बी-५०३ वहिनी : मागे भोक आहे. तीन इंची पाइप आत गेलाय.

सी-१०१ काका : मग दहा इंच धरा. अगदीच अडलं तर त्या भोकात फोमचा बोळा घालून खर्ज कमी करता येतो, पण तो नाइलाजाचा उपाय.

शनिवार

सेक्रेटरी : उद्या सकाळी १० ते १ बी विंगची टाकी धुणार. पाणी भरून ठेवावे.

बी-४०३ : वहिनी, मी तुमच्या बरोबर खाली राहतो. माझी रात्रपाळी असते, सकाळी ८ ते दुपारी २ झोप. गाण्याला माझी अजिबात ना नाही, पण ढोलकी-तबल्याचा ठोका स्लॅबमधून खाली येतो, त्याचं काय?

सी-१०१ काका : बरोबर. वरचे स्वर भिंत, दार, पडदा अडवतात. खालचे स्वर भिंत-स्लॅब हलवून पलीकडे जातात, त्यांना पडदा पुरत नाही. पाटाखाली जाड रबराचे तुकडे द्यावेत, खोक्याची थरथर थेट फरशीत उतरत नाही. पण हवेतून जाणारा खर्ज राहतोच, त्याला उपाय आवाज आणि वेळ हाच.

सेक्रेटरी : नियमाचं विचारण्याआधीच सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. घरातल्या सिस्टिमचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेच्या वर ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. पण खालच्या माणसाशी बोलून वेळ ठरवणं केव्हाही उत्तम, आणि तुम्ही ते करताच आहात.

बी-५०३ वहिनी : ४०३ दादा, दुपारी २ च्या आधी टर्नटेबल चालू होणार नाही. रविवारी तुम्ही सुट्टीवर असाल तर तेवढी सकाळ मला द्या. बाबा रविवारी सकाळीच लावायचे.

बी-४०३ : रविवार दिला. आलो तर चहा पण घेईन.

सी-३०४ : मी इंटिरियरचं काम करते, म्हणून एक सुचवते. तोंडी चर्चेत प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळ्या मापाचा खोका असतो. बी विंगला २ बाय २ फुटांच्या टाइल्स आहेत, म्हणजे तुमची जमीन हाच आलेखाचा कागद. १५ बाय १२ बाय ३२ मापाची दोन पुठ्ठ्याची खोकी चिकटवा, आत रद्दी भरा, ठरवलेल्या जागी उभी करा आणि आठवडाभर त्यांच्यासोबत राहा. आजींना वॉकर घेऊन जाऊ द्या. कुठे अडतं ते मिरजेहून टेम्पो निघायच्या आधी कळेल. वॉकरला मोकळी वाट ३६ इंचांची धरा, त्याहून कमी नको.

बी-५०३ दादा : हे मला पटलं. खोकी मी करतो.

ए-२०४ काकू : आजींना आधी सांगून ठेवा हो, रात्री अचानक समोर खोकं नको.

मंगळवार

बी-५०३ दादा : मापं घेतली. हॉलची रुंदी १२० इंच. सोफा ३६. स्पीकर १२ आणि मागचं अंतर १० मिळून २२. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे.

सी-१०१ काका : सोफा सहा इंच पुढे घ्या. मागच्या भिंतीला डोकं टेकवून बसलं की खर्ज घुमतो, कारण भिंतीशी खालच्या स्वरांचा दाब सर्वांत जास्त असतो. दहा फुटी रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास पहिली घुमणी, पंधरा फुटी लांबीत ३८ आणि त्याची दुप्पट ७५. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ च्या जवळ येतो. म्हणजे तुमच्या बाबांच्या आवडीच्या गाण्यातला तंबोऱ्याचा खर्ज याच गर्दीत बसतो. सोफ्यामागे एका फुटाला जागा असती तर एक फूट म्हटलं असतं.

बी-५०३ दादा : म्हणजे ३६ अधिक ६ अधिक २२, झाले ६४. उरले ५६ इंच. सोफ्यावर बसलेल्याच्या पायांना २० दिले तर बरोबर ३६ उरतात. पण मधे टीपॉय आहे. टीपॉय ठेवला तर आईला वाट नाही.

बी-५०३ वहिनी : आणि उजव्या स्पीकरच्या जागी माझं क्रोकरीचं शोकेस आहे.

(त्या दिवशी पुढे ग्रुपवर काही नाही.)

गुरुवार

बी-५०३ वहिनी : काल रात्री आम्ही दोघं खोक्यांमध्ये बसून बोललो. सांगते, कारण इतक्या जणांनी वेळ दिलाय. शोकेस मी काढतेय. त्यातले कप वर्षातून दोनदा निघतात, ते किचनच्या लॉफ्टवर जातील. ह्यांनी टीपॉय सोडला. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा विकत घेतलेली वस्तू ती, म्हणून मी तो विषयच काढला नव्हता. हे स्वतःच म्हणाले. त्याऐवजी एकात एक बसणारी दोन स्टुलं, लागली की काढायची.

बी-५०३ दादा : माझ्या अटी लिहून ठेवतो, नंतर दोघांनाही आठवाव्यात म्हणून. स्पीकर रोज भिंतीपासून दोन इंचांवर उभे राहतील. ऐकायच्या वेळी आठ इंच पुढे ओढायचे, झालं की परत. जागा टाइलच्या सांध्यापासून मोजून बारीक पट्टीने आखलीय. पाटाला खालून रबर आणि त्याखाली फेल्ट, म्हणजे फरशीवर सरकतात आणि ओरखडा पडत नाही. गणपतीचे दिवस सिस्टिम बंद, डावा स्पीकर बेडरूममध्ये. आणि लेक अभ्यासाला बसली की बंद. तिने स्वतःच सुचवलं की रात्री साडेआठला ती पुस्तक मिटून जेवायला येते, तेव्हा एक बाजू लावा. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, तेवढ्यात जेवण होतं. त्या वेळात टीव्ही बंद.

सी-१०१ काका : वा. टीव्ही बंदचं कुणी सुचवलं?

बी-५०३ दादा : आईने.

सी-१०१ काका : आता त्रिकोण तपासू. तुमचं टीव्ही युनिट सहा फुटी, दोन्ही बाजूंना स्पीकर. मध्यापासून मध्यापर्यंत साडेसात फूट ठेवा. सोफ्यावर कान जिथे येतो तिथून दोन्ही स्पीकर साडेसात फुटांवरच येतात. नशिबाने तुमचा हॉल अगदी मापात बसतोय. दोन्ही खोकी किंचित आतल्या बाजूला वळवा.

सी-३०४ : बाल्कनीच्या काचेवर जाड पडदा, सोफ्यापुढे सतरंजी. व्हिट्रिफाइड फरशी आणि काच वरचे स्वर परतवतात, तार कर्कश लागते. सतरंजीच्या कडा मात्र फरशीला टेपने चिकटवा, नाहीतर वॉकर अडकेल.

बी-५०३ वहिनी : एलपी युनिटच्या खालच्या कपाटात मावतील का?

सी-१०१ काका : आतून १३ इंच उंची आणि तेवढीच खोली हवी. एक फूट रांगेचं वजन १५ ते २० किलो होतं, तुमची रांग सव्वातीन-साडेतीन फुटांची. म्हणून फळी १९ एमएमची, आणि दर फुटाला उभी फळी, म्हणजे तबकड्या कलत नाहीत. कललेली तबकडी वाकते. पुण्याच्या पावसात कपाटात सिलिका जेल ठेवा, बुरशी कव्हरला आधी धरते. अ‍ॅम्पसाठी युनिटची मागची प्लाय कापून घ्या, वायरींना जागा आणि गरम हवेला वाट दोन्ही मिळेल. टर्नटेबल वरच्या फळीवरच, झाकण उघडायला दीड फूट मोकळी उंची लागते. आणि ते स्पीकरच्या खोक्यावर कधीही ठेवू नका, सुईला स्पीकरची थरथर लागून घुमायला लागतं.

बी-५०३ वहिनी : काका, तुमचे उपकार.

सी-१०१ काका : एक काम उरलंय. मिरजेला गेलात की जाळी काढून वूफरची कड बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची असेल आणि चुरा पडत असेल तर वाजवू नका. कोन, म्हणजे मधला शंकूसारखा पडदा, चांगला असतो, फक्त कड नवी बसवून मिळते.

रविवार

बी-५०३ वहिनी : बघितलं. कड कापडी आहे, शाबूत.

सी-१०१ काका : उत्तम. आता आणताना टर्नटेबलचा सुईचा आर्म त्याच्या खाचेत बांधा, सुईला टोपी, मागचं वजन आणि वरची जड थाळी काढून वेगळी गुंडाळा. एलपी उभ्याच, आडव्या एकावर एक अजिबात नाही. खोकी लहान घ्या, पन्नासच्या वर भरलं तर एकट्याने उचलायला जड जातं.

बी-५०३ दादा : येत्या शनिवारी दुपारी ३ पर्यंत टेम्पो येईल. सेक्रेटरी साहेब, अर्धा तास लिफ्ट मिळेल का? स्पीकर जिन्यावरून नको वाटतंय.

सेक्रेटरी : ३ ते ४ लिफ्ट बी-५०३ साठी राखीव. वॉचमनला सांगतो, आत कांबळी लावून ठेवेल.

बी-४०३ : ३ वाजता मी उठलेला असेन. एक खोका माझ्याकडे.