मदत हवी आहे: पहाटे छातीवर कुणीतरी बसतं

नाईट शिफ्ट सुरू झाल्यापासून हे होतंय. डोळे उघडे असतात, पंख्याचा आवाज ऐकू येतो, कपाट दिसतं, पण हात हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. दाराशी कुणीतरी उभं असतं, मग तेच छातीवर येऊन बसतं. थोड्या वेळाने सगळं सुटतं आणि मी घामाने भिजलेला.

डॉक्टर म्हणाले, स्लीप पॅरालिसिस. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदू स्नायू सैल करून ठेवतो. जाग आधी आली आणि स्नायू मागे राहिले, की स्वप्न थेट खोलीत दिसतं. अपुरी झोप आणि उताणं झोपणं, दोन्हीने वाढतं. मला पटलं. मालवणच्या आजीला नाही. तिच्या मते गावाची राखण करणाऱ्या देवचाराला गाऱ्हाणं घालायला हवं, तोवर उशाखाली अडकित्ता. (ठेवलाय. तिच्याशी वाद कोण घालणार!)

ज्यांना हा त्रास होता त्यांनी सांगा ना, कुशीवर झोपून फरक पडला का? त्या क्षणी सुटायला काय करता, बोट हलवायचा प्रयत्न की श्वासाकडे लक्ष? शिफ्ट सध्या बदलता येणार नाही. हल्ली दिवसाही बसल्या बसल्या डोळा लागतो, तर झोपेची तपासणी करून घ्यावी का? रात्रभर लॅबमध्ये झोपावं लागतं ती कुणी केली आहे का?