पहिलाच बर्ड डॉग घेतलाय, मिनेसोटात शिकवणारा ग्रुप कसा शोधायचा?

भिंगरीचा_बाबा (वुडबरी, मिनेसोटा)

नमस्कार मंडळी. इथे कुत्र्यांच्या धाग्यांवर बहुतेक लॅब आणि गोल्डनवाले दिसतात, पण एखादा तरी बर्ड डॉगवाला (पक्ष्यांच्या शिकारीचा कुत्रा पाळणारा) असेल म्हणून विचारतोय. आम्ही मागच्या महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या एका ब्रीडरकडून जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरचं पिल्लू आणलं. मादी आहे, आता १४ आठवड्यांची झाली, नाव भिंगरी. अंगणात पाच मिनिटं बघितलं की नाव का ठेवलं ते कळतं.

झालं असं की गेल्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसातला एक जण मला त्याच्याबरोबर फेझंटच्या (कोंबडीच्या जातीचा रानपक्षी) शिकारीला घेऊन गेला, मी नुसता चालायला गेलो होतो, आणि कमरेएवढ्या गवतात त्याची कुत्री पळता पळता एकदम थिजली, एक पाय वर, शेपूट ताठ, आम्ही वीस-पंचवीस पावलं चालत तिच्यापाशी जाईपर्यंत तिनं कानसुद्धा हलवला नाही, आणि मग तिच्या नाकासमोरून तो कोंबडा फडफडत उठला. ते दृश्य डोक्यातून जाईना. तिच्या रक्तात जे आहे ते करायला मिळालं पाहिजे एवढंच मला वाटतं, नुसतं पट्टा लावून फूटपाथवर फिरवायला ही जात नाही.

अडचण अशी की मला यातलं ओ की ठो कळत नाही. पेट स्टोअरच्या पपी क्लासला जातोय, ती बाई चांगली आहे पण पक्ष्यांचं काही विचारलं की गप्प होते. व्हिडिओ बघावेत तर एक म्हणतो आधी ‘सिट’ शिकवा, दुसरा म्हणतो पॉइंटरला ‘सिट’ अजिबात शिकवू नका. शिवाय मी एच-वन-बी व्हिसावर आहे, बंदूक नाही, आणि बायको शाकाहारी आहे, तिला कुत्री खूप आवडते पण पक्षी मारायचे म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. आसपास लोक एकत्र येऊन शिकवतात असं ऐकलंय. ते कुठे सापडतात आणि आमच्यासारख्यांना घेतात का?

रानवाट (सेंट क्लाउड)

दादा आधी अभिनंदन. माझ्याकडे आठ वर्षांपासून ब्रिटनी जातीचा बर्ड डॉग आहे, मीही तुमच्यासारखाच कोरा होतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिला फोन ब्रीडरला करा. शॉर्टहेअरचा ब्रीडर शिकारीच्या लाइनचा (म्हणजे शिकारी वंशाची कुत्री वाढवणारा) असेल तर तो स्वतः कुठल्यातरी ग्रुपात असतोच, आणि तुमच्या पिल्लाच्या आईबापांना कुणी शिकवलं हे त्याला माहीत असतं. त्याला सरळ विचारा की माझ्या घरापासून दीड तासाच्या आत तुमची पिल्लं कुणाकुणाकडे आहेत. मला माझा ग्रुप असाच मिळाला, तीन आठवडे इंटरनेटवर शोधून मिळाला नव्हता.

दुसरं म्हणजे नॅव्हडा. पूर्ण नाव नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन, १९६९ पासून आहे, अमेरिका आणि कॅनडात ठिकठिकाणी चॅप्टर म्हणजे स्थानिक शाखा आहेत आणि त्यांच्या साइटवर राज्यानुसार यादी मिळते. शॉर्टहेअर, वायरहेअर, विझला, ब्रिटनी असल्या जातींसाठीच ही संस्था आहे. चॅप्टरवाले वसंतापासून महिन्यातून एकदोनदा शनिवार-रविवारी जमतात, कबुतरं, चुकार (म्हणजे आपला चकोर), लावे आणतात, शेत असतं, तळं असतं. मेंबरशिपची फी आणि त्या दिवशी वापरलेल्या पक्ष्यांचे पैसे, एवढाच खर्च. तिसरं, शॉर्टहेअरचे स्वतःचे ब्रीड क्लब आहेत, ते अमेरिकन केनेल क्लबच्या हंट टेस्ट घेतात, त्यातली पहिली पायरी ज्युनियर हंटर. आणि चौथं, फेझंट्स फॉरएव्हर. ही संस्था १९८२ साली आपल्या सेंट पॉललाच सुरू झाली. तिचं काम मुळात गवताळ रानं राखायचं, पण तिच्या स्थानिक चॅप्टरच्या जेवणाला एकदा जाऊन बसा, टेबलावरच्या आठातल्या सहा जणांकडे बर्ड डॉग असतो.

आता ग्रुप का लागतो ते सांगतो, कारण एकट्यानं करू म्हणणारे खूप बघितलेत. मिनेसोटात १६ एप्रिल ते १४ जुलै शिकारी कुत्र्याला रानात ट्रेन करायला स्पेशल परमिट लागतं. पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात ना, अंडी-पिल्लं सांभाळायचा काळ असतो. तुमची भिंगरी शिकायच्या वयाची झालीय नेमकी याच महिन्यांत. ग्रुपकडे जागा असते, परमिट असतं, पक्षी असतात. तुमच्याकडे यातलं एकही नाही आणि एकट्यानं जमवायचं म्हटलं तर वर्ष जाईल. अंगणात हाक मारली की यायला शिकवणं, लांब दोराची सवय लावणं हे मात्र आजपासून करा, त्याला परवानगी लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कृपा करून तिला बंदुकीच्या आवाजाची ‘सवय व्हावी’ म्हणून शूटिंग रेंजवर नेऊ नका. लोक नेतात. कुत्रा जन्मतः बंदुकीला घाबरणारा फार क्वचित असतो, बहुतेक वेळा माणूसच त्याला तसा करतो. आधी पक्ष्याचं वेड लागू द्यायचं, ती कबुतरामागे बेभान धावत असताना लांबून, अगदी लांबून, छोट्या ब्लँक (गोळी नसलेल्या, नुसता आवाज करणाऱ्या) पिस्तुलाचा एक आवाज, तिनं वळूनही बघितलं नाही तर पुढच्या वेळी थोडं जवळून. याला आठवडे लागतात. फोर्थ ऑफ जुलैला फटाके उडतात, तेव्हा तिला तळघरात ठेवा, पंखा लावा, टीव्ही लावा. आपल्याकडे दिवाळीत कुत्री पलंगाखाली शिरतात तेच इथे होतं आणि ती भीती जन्मभर राहू शकते.

विझलाची_आई (ग्रँड रॅपिड्स, मिशिगन)

रानवाट यांनी छान लिहिलंय. मी बाई म्हणून थोडं वेगळं सांगते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुत्र्याला घरी ठेवून गेले होते आणि तुम्हीही तेच करा असं मनापासून सांगेन. पहिल्या दिवशी पिल्लू बरोबर असलं की सगळं लक्ष त्याच्यावर, दुसऱ्यांचं काही दिसत नाही. मी एक थर्मास घेऊन चार तास नुसती उभी होते. कोण कुत्र्याकडे बघतं आणि कोण कुत्र्यावर ओरडतं एवढंच बघायचं. चांगल्या ग्रुपातली जुनी माणसं फार कमी बोलतात, एखाद्याचा कुत्रा गोंधळला की त्याला सोपं काहीतरी करायला देतात आणि तिथेच थांबवतात. ज्या ठिकाणी चार महिन्यांच्या पिल्लाला पहिल्याच दिवशी इलेक्ट्रिक कॉलर लावायला सांगतील तिथून चहासुद्धा न पिता निघा.

वहिनींबद्दल. मी स्वतः मांस खात नाही. सुरुवातीच्या कामात पक्षी मारत नाहीत. लाँचर नावाची एक पेटी असते, तिच्यात कबुतर ठेवून गवतात लपवतात, पिल्लाला वास लागून ते थबकलं की रिमोटनं पेटी उघडते, कबुतर उडतं आणि आपल्या खुराड्यात परत जातं, पुढच्या आठवड्याला तेच कबुतर पुन्हा कामावर! नॅव्हडाची पहिली परीक्षा नॅचरल अ‍ॅबिलिटी, तिच्यातही पक्ष्यावर गोळी झाडत नाहीत, फक्त ब्लँक वाजवतात. पण खरं ते सांगून टाकते, माग काढायच्या भागात पंखांची पिसं काढलेला जिवंत फेझंट गवतात सोडतात, आणि पुढच्या परीक्षांमध्ये पक्षी मारले जातात. हे वहिनींना आधी सांगा, तिथे गेल्यावर कळू देऊ नका. मी पहिल्या परीक्षेपर्यंत गेले आणि तिथे थांबले, कुणी मला काही बोललं नाही.

वयाचं लक्षात ठेवा, श्रेणी हवी असेल तर ती परीक्षा १६ महिन्यांच्या आतच द्यावी लागते. नाक, शोध, माग, पॉइंट (पक्ष्याचा वास लागला की थिजून उभं राहणं), पाणी, कामाची ओढ, मालकाशी सहकार्य, प्रत्येकाला ० ते ४ गुण, महत्त्वाप्रमाणे गुणून एकूण ११२ पैकी. जागा पटापट भरतात.

टेक्सासचा_तात्या

एवढं कशाला, चांगल्या प्रोफेशनल ट्रेनरकडे दोन महिने ठेवा, तयार होऊन येते. मी तसंच केलं, नोकरी सांभाळून दर शनिवार कोण घालवणार.

रानवाट

तात्या, तुमचं जमलं याचा आनंद आहे, पण माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो. माझ्या पहिल्या कुत्र्याला मी आठ आठवडे एका ट्रेनरकडे ठेवलं होतं. परत आला तेव्हा शिट्टीवर उभा राहायचा, सगळं अचूक, पण पक्षी उठला की माझ्या पायांमागे यायचा. काय झालं ते मला कधीच कळलं नाही कारण मी तिथे नव्हतो. ते सुटायला दीड वर्ष लागलं, आणि सोडवलं ते ग्रुपातल्या एका सत्तरीच्या आजोबांनी, खिशात एक लावा घेऊन, दर रविवारी. सगळे ट्रेनर वाईट असं अजिबात म्हणत नाही, उत्तम लोक आहेत. पण पहिलाच कुत्रा असेल तर शिकायचं मालकाला असतं. कुत्रीला पॉइंट येतोच, तिच्या पणजीलाही येत होता.

‘सिट’चं राहिलं. शिकारी लोक नको म्हणतात कारण पॉइंटवर असताना दडपण आलं की काही कुत्री बसतात. तुम्ही सध्या ‘व्होआ’ शिकवा, म्हणजे आहेस तिथे चार पायांवर उभी राहा. जेवणाचं भांडं ठेवताना रोज दोनदा, बास.

एच-वनचं नीट ऐका. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला फेडरल कायद्यानं बंदी आहे, हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद आहे. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना ते लायसन्स काढायला आधी फायरआर्म्स सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं. तोपर्यंत कुणी प्रेमानं बंदूक हातात दिली तरी घेऊ नका, दोन मिनिटांसाठीही नाही, आणि पुढे जायचं ठरलं तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. ट्रेनिंगला याची अडचण नाही. पिस्तूल वाजवायला नेहमी दुसरा माणूस असतो, तुम्ही दोर धरायचा.

टेकडीवाला (पुणे)

विषय तुमचा अमेरिकेचा आहे पण विचारतो, माझ्याकडेही पॉइंटर आहे, वेताळ टेकडीवर सोडला की तितरांमागे जातो. इथे असे ग्रुप आहेत का?

विझलाची_आई

दादा, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपक्ष्यांची शिकार बंद आहे, त्यामुळे इथल्यासारखं बर्ड ट्रेनिंग तिथे करता येत नाही आणि करूही नये. टेकडीवर त्याला मोकळा सोडू नका हो. उन्हाळ्यात टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर खड्यांत असतात, कुत्र्याचा एक पाय पडला की संपलं. पण नाकाचं काम घरी भरपूर देता येतं. जुन्या मोज्यात वासाचं काही बांधून अंगणभर फरफटत न्या, शेवटी लपवा, त्याला माग काढू द्या. वीस मिनिटांत दमतो, एक तास पळवून दमत नाही तेवढा. पोहायला येत असेल तर पाण्यात डमी (तरंगणारा खोटा पक्षी) टाकून आणायला लावा.

भिंगरीचा_बाबा

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

ब्रीडरला फोन केला, रानवाट म्हणाले तसंच झालं, भिंगरीचा सख्खा मोठा भाऊ आमच्यापासून चाळीस मिनिटांवर आहे! त्याच्या मालकानं चॅप्टरच्या ट्रेनिंग डेला बोलावलं. ताईंचं ऐकून पिल्लू शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि बायकोला घेऊन गेलो, आधी सगळं सांगूनच. सकाळी सात वाजता शेताच्या कडेला पंधरा-वीस पिकअप, मागे पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्यातून रडारड, आणि आम्ही दोघंच देशी. एका बाईंनी आल्या आल्या विचारलं की तुमचं पिल्लू कुठल्या लाइनचं, मी कागद दाखवला तर त्यांनी भिंगरीच्या आजीला टेस्टमध्ये पाहिलं होतं. मग कुणी परकं वाटलंच नाही.

पाच महिन्यांचं एक वायरहेअर होतं, आयुष्यात पहिल्यांदा कबुतराचा वास घेत होतं. दोर ढिला, मालक गप्प. ते वाऱ्यात नाक वर करून वळलं, दोन पावलं गेलं आणि थरथरत उभं राहिलं, कुणी शिकवलेलं नसताना. कबुतर उडालं, झाडांवरून एक चक्कर मारून घराकडे गेलं. माझी बायको माझा हात घट्ट धरून उभी होती, परत येताना गाडीत म्हणाली, पुढच्या वेळी कबुतरांच्या पिंजऱ्याचं काम मी करीन, त्या बाईंना विचारलंय मी.

पुढचा ट्रेनिंग डे दहा दिवसांनी आहे, तेव्हा भिंगरी येईल. तिचे लसीचे कागद त्यांनी मागितलेत, शेवटचा डोस या गुरुवारी आहे. बरोबर काय काय न्यायचं?

रानवाट

फार छान वाटलं वाचून. लस झाल्या झाल्या लगेच नेऊ नका, संरक्षण तयार व्हायला किती दिवस धरायचे ते गुरुवारी डॉक्टरलाच विचारा आणि त्याप्रमाणे तारीख बघा, एक ट्रेनिंग डे हुकला तरी चालेल. सामान थोडंच लागतं. गाडीत घट्ट बसवलेला पिंजरा, वीस-तीस फुटांचा दोर, साधा रुंद पट्टा, आणि पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट, शॉर्टहेअर उन्हात स्वतःहून थांबत नाहीत. तुमचा नंबर दुपारी असेल तर सकाळचा मागून घ्या. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानांच्या आत, काखेत गोचिड्या बघा, इथे मिनेसोटात गोचिडीतून होणारा लाइम आजार खूप आहे, आणि गवताची कुसळं डोळ्यांत-नाकात राहिलीत का तेही. सकाळी खायला अगदी थोडं द्या. आणि पहिल्या दिवशी एकच कबुतर, तिनं कितीही मागितलं तरी.