पॉलिश केलेल्या स्टीलवरच्या बारीक रेघा
तुम्ही विचारलंय की नव्या घड्याळाच्या चकचकीत स्टीलवर दोनच महिन्यात बारीक रेघा आल्या, बफिंग, म्हणजे मशीनवर घासून पॉलिश, करून घेऊ का. माझं ऐकाल तर आत्ता अजिबात नको. बफिंगने चरा भरून येत नाही, त्याच्या आजूबाजूचं स्टील घासून सपाट करतात, म्हणजे दर वेळी थोडा धातू जातोच. माझ्या वडिलांचं घड्याळ मी एका दुकानात असंच दिलं होतं, चकाचक होऊन आलं पण पट्टा जोडतात तिथल्या धारदार कडा पार गोल झाल्या, त्या गेल्या त्या गेल्याच, अजून वाईट वाटतं.

आधी धुळीचं बघा. धुळीतल्या वाळूत क्वार्ट्झ असतं, कडकपणा मोजायच्या मोह्स स्केलवर 7, स्टीलपेक्षा कडक, त्यामुळे शर्टाच्या टोकाने कोरडंच पुसायची सवय असेल तर ती मोडा. वॉटर रेझिस्टंट असेल आणि बाजूची चावी नीट आत दाबलेली असेल तर कोमट पाणी, थेंबभर साबण नि मऊ ब्रश. मग केप कॉड नावाच्या, पॉलिश मुरवलेल्या कापडाचा छोटा तुकडा, हलक्या हाताने, मिनिटभर, बास. ब्रश फिनिशवाल्या, म्हणजे मुद्दाम बारीक रेघा असलेल्या मॅट भागावर आधी टेप लावा, नाहीतर तिथेही चमक येते.

आणि हो, हे फक्त खऱ्या स्टीलसाठी. जुन्या घड्याळांच्या मागे स्टेनलेस स्टील लिहिलेलं असतं पण कित्येकदा ते झाकणापुरतंच, बॉडी पितळेची नि वर क्रोम, घासलं की खालचं पिवळं दिसायला लागतं. नखाला लागणारा चरा कापडाने जात नाही, त्याच्या मागे लागू नका.